वास्तव, परिणाम आणि स्मृती : 'ग्रँड थेफ्ट ऑटो फोर'च्या निमित्ताने

१

साहित्यविचारात 'वास्तववाद' ही संज्ञा दोन वेगळ्या अर्थांनी वापरली जाते, आणि हे दोन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे बराच गोंधळ होत आलेला आहे. एका अर्थाने वास्तववाद म्हणजे दृश्य जगाचे तपशीलवार आणि विश्वसनीय चित्रण. रस्ते, घरे, बोली, पोशाख, व्यवसाय यांची नेमकी नोंद. दुसऱ्या अर्थाने वास्तववाद म्हणजे कृती आणि तिचे परिणाम यांच्यातील संबंधाशी राखलेले इमान. पहिला वास्तववाद 'हे असे दिसते' एवढी ग्वाही देतो. दुसरा 'हे केले की असे होते, आणि झालेले पुसता येत नाही' असे बजावतो. एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ कादंबरीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'मध्ये एमाच्या घरातील वस्तू जितक्या नेमकेपणाने येतात, तितक्याच नेमकेपणाने तिचे कर्जही वाढत जाते. आणि अखेरीस जप्ती येते ती त्याच वस्तूंवर. तपशील आणि परिणाम तेथे एकाच सूत्रात ओवलेले आहेत.

हे सूत्र तुटू शकते, पहिला वास्तववाद दुसऱ्यावाचून फोफावू शकतो, ही गोष्ट व्हिडिओ गेम या नव्या कथनप्रकाराने फार स्पष्टपणे समोर आणली. एडिंबरो येथील 'रॉकस्टार नॉर्थ' या संस्थेने घडवलेला आणि २९ एप्रिल २००८ रोजी प्रसिद्ध झालेला 'ग्रँड थेफ्ट ऑटो फोर' हा गेम या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. 'ओपन वर्ल्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तो मोडतो. या प्रकारात एक अखंड नगर खेळणाऱ्याच्या स्वाधीन केले जाते. कथेला पुढे नेणाऱ्या कामगिऱ्या, म्हणजे 'मिशन', केव्हा हाती घ्यायच्या, की त्या बाजूला ठेवून नुसतेच भटकायचे, हे तो स्वतः ठरवतो. कथाविषय गुन्हेगारीचा आहे, आणि या मालिकेवर अनैतिकतेचा आरोप पूर्वीपासून होत आलेला आहे. परंतु गुन्हा दाखवला म्हणून कलाकृती दोषी ठरत असेल, तर 'मॅकबेथ'लाही निर्दोष ठरवता येणार नाही. खरा प्रश्न निराळा आहे. गुन्ह्याचे वास्तव चित्रण करू पाहणारी ही कृती गुन्ह्याच्या परिणामांशी कितपत प्रामाणिक राहते? तिचे सामर्थ्य आणि तिची उणीव या दोहोंचा उलगडा याच एका प्रश्नातून होतो.

२

सामर्थ्याची नोंद प्रथम करणे न्यायाचे होईल. निको बेलिक हा युगोस्लाव्हियाच्या विघटनकाळातील युद्धात होरपळलेला सर्बियन तरुण मालवाहू जहाजातून लिबर्टी सिटीत उतरतो. चुलतभाऊ रोमन याच्या पत्रांतून त्याने वाड्याची आणि महागड्या मोटारींची वर्णने वाचलेली असतात. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येते ती झुरळांनी भरलेली एक खोली आणि कर्जात बुडालेला टॅक्सीचा धंदा. हे नगर न्यू यॉर्कच्या धर्तीवर रचलेले आहे. ब्रोकर म्हणजे ब्रुकलिन, अल्गॉनक्विन म्हणजे मॅनहॅटन, आणि खाडीपलीकडचे आल्डर्नी म्हणजे न्यू जर्सी. पाऊस आला की पादचारी छत्र्या उघडतात. कोणी फोनवर बोलत चाललेला असतो, कोणी सिगारेट ओढत भिंतीला टेकलेला असतो. डॅन हाउसर आणि रुपर्ट हम्फ्रीज यांनी लिहिलेल्या संवादांत स्थलांतरिताचा संकोच आणि त्याचा उपरोध या दोहोंना जागा आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या जागी येथे 'आनंददेवते'चा पुतळा उभा आहे, आणि त्याच्या पोटात शिरले असता साखळ्यांनी जखडलेले एक धडधडणारे हृदय दिसते. हा विनोद स्वस्त नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या खेळाने शरीराला वजन दिले. 'युफोरिया' नावाच्या तंत्रामुळे धक्का बसलेला माणूस ठरीव पद्धतीने कोसळत नाही. तो झोकांड्या खातो, तोल सावरू पाहतो, हाताला लागेल त्याचा आधार घेतो. मोटारी जड आहेत. वळणावर त्या एका अंगाला कलतात, आणि वेगाने भिंतीवर आदळल्यास निको काच फोडून रस्त्यावर फेकला जातो. पूर्वीच्या खेळांतील मृत्यू बाहुलीचा होता. येथे तो देहाचा वाटू लागतो. मारणे थोडे अवघड, थोडे ओशाळवाणे होते. हा परिणाम योजलेला असो वा नसो, तो नैतिक अनुभवाच्या उंबरठ्यापर्यंत खेळणाऱ्याला आणून सोडतो.

कथेच्या रचनेतही ही जाण दिसते. शेवटाकडे निकोसमोर दोन वाटा ठेवल्या जातात. ज्याने विश्वासघात केला त्या दिमित्रीशी पैशांसाठी व्यवहार करावा, किंवा त्याचा सूड घ्यावा. रोमन व्यवहाराचा सल्ला देतो. निकोला जिच्याविषयी ओढ वाटते ती केट मॅकरीरी तत्त्व सोडू नकोस म्हणून सांगते. व्यवहार केला तर रोमन स्वतःच्याच लग्नात गोळीला बळी पडतो. सूड घेतला तर त्याच लग्नात केट मारली जाते. ज्याचा सल्ला मानावा तोच हातचा जातो. दोहोंपैकी कोणतीही वाट 'बरोबर' म्हणून गौरवली जात नाही. निवड मोकळी असूनही परिणाम निवडणाऱ्याच्या ताब्यात नसतो, हे शोकात्मिकेचे जुने सत्य येथे खेळाच्या भाषेत मांडले गेले आहे. लोकप्रिय करमणुकीच्या क्षेत्रात ही लहान कामगिरी नव्हे.

३

परंतु दोन मिशनांच्या मधल्या वेळेत हे नगर कोणत्या नियमांनी चालते, हे पाहू गेल्यास चित्र पालटते. गुन्हा घडला की पडद्यावर तारे उमटतात आणि नकाशावर शोधाचे एक वर्तुळ आखले जाते. त्या वर्तुळाबाहेर निसटून काही क्षण दडून राहिले की तारे मावळतात आणि पोलीस सर्व काही विसरतात. मोटार रंगवून देणाऱ्या गॅरेजात कोणाच्या नजरेस न पडता शिरले की रंगाबरोबर गुन्हाही बदलतो. निको गोळ्यांनी कोसळला तर रुग्णालयाच्या दाराशी पुन्हा उभा राहतो. थोडे पैसे कमी झालेले असतात, इतकेच. अटक झालीच तर शस्त्रे जातात, माणूस सुटतो. रस्त्यावर पडलेल्या जखमीसाठी रुग्णवाहिका येते खरी. परंतु खेळणारा दोन चौक पुढे जाऊन परतला तर तेथे ना देह असतो, ना डाग, ना बघ्यांची गर्दी. या नगराला उत्तम डोळे आणि उत्तम कान आहेत. स्मृती मात्र नाही.

एका ठिकाणी स्मृती आहे, आणि ती अधिकच अस्वस्थ करणारी आहे. खेळाच्या आकडेवारीच्या पानावर, किती अंतर तोडले आणि किती मोटारी चोरल्या यांच्या जोडीला, किती माणसे मारली याचीही संख्या नोंदलेली असते. जे चेहरे इतक्या कष्टाने घडवले ते शेवटी एका आकड्यात जमा होतात.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६ साली 'नैतिक दैव' या संकल्पनेची चर्चा करताना एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले होते. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. भोवतालची माणसे त्याला 'तुझा दोष नाही' असे सांगतात, आणि ते खरेही असते. तरीही त्या चालकाला जे वाटते ते बघ्याच्या हळहळीहून वेगळे असते. आणि ते त्याला मुळीच वाटले नाही, तर माणूस म्हणून त्याच्याविषयीच शंका येईल. ही 'कर्त्याची खंत' आहे. दोषाच्या कायदेशीर हिशेबाशी तिचा संबंध नाही. 'हे माझ्या हातून घडले' या साध्या, न टळणाऱ्या जाणिवेशी तिचा संबंध आहे.

लिबर्टी सिटीत विल्यम्सचा हा प्रसंग दर काही मिनिटांनी घडतो. मोटार जड आहे, रस्ता ओला आहे, वळण हुकते आणि कोणीतरी चाकाखाली येते. शरीराचे वास्तव येथे पूर्णपणे पाळलेले असते, खंतीला मात्र कोणतीच जागा ठेवलेली नसते. निको गाडी थांबवून उतरला तरी करण्यासारखे काही उरत नाही. क्षमा मागण्याची क्रिया या खेळाच्या व्याकरणात नाही. फार तर फोन करून रुग्णवाहिका बोलावता येते, आणि ती आली की देहासकट प्रसंगही नाहीसा होतो. जखम खरी आणि परिणाम खोटा, अशी ही विषम वास्तवता आहे. खेळाची खरी उणीव हिंसेच्या प्रमाणात नाही, या विषमतेत आहे.

४

यावर एक सरळ आक्षेप संभवतो. हा खेळ आहे. बुद्धिबळात मेलेल्या प्याद्यासाठी कोणी अश्रू ढाळत नाही. योहान हाइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' या १९३८ सालच्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे खेळाला स्वतःचे स्वतंत्र क्षेत्र असते आणि त्या रिंगणातील कृतींना बाहेरचे मोल लावणे गैर असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कॅलिफोर्नियाचा व्हिडिओ गेमविषयक कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला, तेव्हा या खेळांना पुस्तके आणि नाटके यांच्याप्रमाणेच अभिव्यक्तीचे संरक्षण मिळाले. हिंसक खेळांमुळे मुले आक्रमक होतात हे पुढे ठेवलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असेही बहुमताच्या निकालपत्रात नमूद झाले.

हे सर्व मान्य केले तरी प्रश्न मिटत नाही. प्यादे प्यादेच राहते. ते झोकांडी खात नाही, छत्री उघडत नाही, चुलतभावाला खोटी पत्रे लिहीत नाही. ज्या प्रमाणात एखादा खेळ आपल्या प्याद्यांना माणसाचे रूप देतो, त्या प्रमाणात 'हा केवळ खेळ आहे' या सबबीवरचा त्याचा हक्क कमी होत जातो. वास्तवाचा अधिकार मागायचा आणि वास्तवाचे ऋण नाकारायचे, हे एकाच वेळी साधत नाही. आणि अभिव्यक्ती म्हणून संरक्षण मिळाले की अभिव्यक्ती म्हणून समीक्षाही ओघानेच येते.

मराठी समीक्षेतील एक जुनी संकल्पना येथे उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी वाङ्मयीन आनंदाची उपपत्ती सांगताना 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु स्वतःची जाणीव पूर्णपणे गमावत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याची अवस्था वरवर पाहता अशीच दुहेरी आहे. तो निको असतो आणि नसतोही. पण एक मूलभूत फरक आहे. वाचकाची समाधी भोक्त्याची आहे. खेळणाऱ्याची समाधी कर्त्याचीही आहे. रास्कोलनिकोव्हची कुऱ्हाड वाचकाच्या इच्छेची वाट पाहत नाही. येथे बोट हलल्यावाचून गोळी सुटत नाही. भट्टनायकाच्या साधारणीकरणात 'माझे' आणि 'परक्याचे' हे दोन्ही शिक्के भावावरून पुसले जातात. खेळात मात्र 'माझे' हा शिक्का प्रत्येक कृतीवर नव्याने उमटतो. म्हणूनच रसचर्चेची किंवा तादात्म्याची परिभाषा येथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. उरलेली वाट कर्तृत्वाच्या विचाराची, म्हणजे नीतिविचाराची आहे.

५

खेळाच्या कथाभागातील माणूस आणि खेळणाऱ्याच्या हातातील माणूस यांच्यातील फारकत अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने २००७ साली 'बायोशॉक' या दुसऱ्या एका खेळाविषयी लिहिताना कथा एक सांगते आणि खेळण्याचे नियम दुसरेच सांगतात, या विसंगतीला स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला 'क्रीडाकथन-विसंवाद' म्हणता येईल. निकोच्या बाबतीत हा विसंवाद टोकाचा आहे. कथेतला निको युद्धातील कृत्यांच्या आठवणीने खचलेला आहे. रस्त्यावरचा निको तासाभरात डझनभर माणसे चिरडून रोमनबरोबर बोलिंग खेळायला जातो.

या विसंवादाचा एक बचाव केला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. युद्धाने संवेदना मारलेला माणूस असाच असतो: बोलताना पश्चात्तापी आणि वागताना यंत्रवत. तेव्हा विसंवाद हाच या कृतीचा आशय होय. या बचावाला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो डार्कोच्या प्रसंगात. निकोच्या तुकडीचा घात ज्याने केला त्या डार्कोला अखेर विमानतळावर त्याच्यासमोर आणून उभे केले जाते. व्यसनाने खंगलेला हा माणूस सांगतो की हे सारे एक हजार डॉलरांसाठी झाले. निको संतापतो. त्यावर डार्को विचारतो की तू स्वतः माणूस मारायचे किती घेतोस. या प्रश्नाला उत्तर नाही. आतापर्यंत प्रत्येक मिशनअखेर खात्यात जमा झालेल्या रकमा खेळणाऱ्याला आठवतात. कथा आणि नियम क्षणभर एकमेकांसमोर उभे राहतात, आणि नियमांना आपले तोंड आरशात पाहावे लागते. डार्कोला मारावे की सोडावे हे खेळणाऱ्याच्या हाती असते. मारले तरी निकोची पोकळी भरत नाही. संपूर्ण खेळातील हा सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे.

पण हा क्षण टिकत नाही. विमानतळावरून बाहेर पडताच नगर पूर्ववत विस्मरणशील होते, आणि पुढचे मिशन पुन्हा मोबदल्याचे असते. विसंवाद हा आशय असता, तर त्याची जाणीव कोठेतरी साठत गेली असती. ती साठत नाही, याचा दुसरा पुरावा मॅकरीरी कुटुंबाच्या कथाभागात मिळतो. फ्रान्सिस आणि डेरिक या दोन भावांपैकी एकाला निकोने दुरून गोळी घालायची असते. कोणाला, हे खेळणारा ठरवतो. पुढे ज्याला मारले त्याच्याच अंत्यविधीला निको हजर राहतो. आई आहे, बहीण केट आहे, आणि मारेकरी त्यांच्याच शेजारी शोकाच्या पोशाखात उभा आहे. कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे. खेळ त्याचे काय करतो? प्रतिस्पर्धी टोळी हल्ला चढवते, शोकसभेची चकमक होते, आणि शवपेटी शववाहिकेतून दफनभूमीपर्यंत पोचवणे हे खेळणाऱ्याचे काम ठरते. जेथे थांबायला हवे होते तेथेच वेग वाढवला जातो.

भारतीय वाचकाला या जागी महाभारताची रचना आठवल्यावाचून राहणार नाही. सौप्तिकपर्वातील रात्रीच्या कत्तलीनंतर व्यासांनी कथा राज्याभिषेकाकडे धाडलेली नाही. मध्ये स्त्रीपर्व येते. स्त्रिया रणभूमीवर येतात, एकेक देह ओळखतात, गांधारी विलाप करते. तर्पणाच्या वेळी कुंती कर्णाचे नाते उघड करते, आणि विजयी युधिष्ठिराला राज्य नकोसे होते. अश्वत्थाम्याला मृत्यू मिळत नाही; त्याला न भरणाऱ्या जखमेसह भटकणे मिळते. युद्धपर्वांतील संहाराचे वर्णन सोसवते ते पुढे परिणामांना स्वतंत्र पर्व दिलेले आहे म्हणून. लिबर्टी सिटीच्या रचनेत स्त्रीपर्व नाही. येथे स्त्रीच्या वाट्याला विलापही येत नाही: केटचे मरण निकोच्या निवडीची किंमत म्हणून येते, तिच्या आईचा शोक गोळीबारात बुडतो. स्त्रीपात्रांचे हे दारिद्र्य निव्वळ प्रतिनिधित्वाचा प्रश्न नाही. ज्यांनी आठवण ठेवायची, त्यांनाच या कथेने आवाज दिलेला नाही.

६

या उणिवेवर पुढील खेळांनी जे उपाय शोधले तेही उद्बोधक आहेत. २०१३ साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह'मध्ये ट्रेव्हर हा नायक असा घडवला की कोणतेही क्रौर्य त्याला शोभून दिसावे. विसंवाद मिटला, पण तो पश्चात्तापाचाच त्याग करून. २०१८ सालच्या 'रेड डेड रिडेम्प्शन टू'मध्ये उलट वाट धरली गेली. तेथे खेळणाऱ्याच्या वर्तनानुसार नायकाची प्रतिष्ठा मोजणारी एक पट्टी आहे; गुन्हा केला की ती घसरते, सत्कृत्य केले की वर चढते, आणि कथेच्या शेवटावरही तिची छाया पडते. येथे जगाला काही स्मृती लाभली हे खरे. परंतु ही स्मृती जमाखर्चाच्या वहीची आहे. एका माणसाच्या वधाची भरपाई नदीत सोडलेल्या माशांनी होऊ शकते, कारण दोन्ही एकाच पट्टीवर मोजले जातात. विल्यम्सचा ट्रकचालक आयुष्यभर दानधर्म करील, पण त्या मुलाच्या आठवणीची फेड झाली असे त्याला कधीच वाटणार नाही. खंत हे कर्ज नव्हे. ती फिटत नाही, हेच तिचे लक्षण आहे.

तेव्हा 'ग्रँड थेफ्ट ऑटो फोर'चे मूल्यमापन करताना दोन सोपे निवाडे टाळावे लागतात. ही कृती हिंसेची पाठशाळा आहे, हा एक. आणि ही अमेरिकी स्वप्नाची प्रगल्भ चिकित्सा आहे, हा दुसरा. दुसऱ्या निवाड्याला तिच्यातील उपरोधच थोडा आड येतो. सगळेच भ्रष्ट, सगळेच विकाऊ असे हसत हसत पटवून देणारा उपरोध शेवटी कोणालाच जबाबदार धरत नाही. या कृतीचे मोठेपण तिच्या अपयशाच्या जातीत आहे. तिने गुन्हेगाराला खंत दिली, मेलेल्याला देह दिला, नगराला पाऊस दिला. आणि हे सर्व देऊन झाल्यावर या तिघांना जोडणारी स्मृती मात्र ती देऊ शकली नाही. पूर्वीच्या खेळांत ही उणीव जाणवतच नव्हती, कारण तेथे देहही नव्हता आणि खंतही नव्हती. पहिला वास्तववाद इतका पुढे गेल्यामुळेच दुसऱ्याची अनुपस्थिती उघडी पडली.

नगर विसरते, नियम विसरतात, निकोही पुढच्या मिशनपर्यंत विसरतो. ओल्या वळणावर चाकाखाली आलेल्या छत्रीवाल्या माणसाची आठवण राहिलीच, तर ती या सर्वांच्या बाहेर असलेल्या एकाच ठिकाणी राहू शकते: ज्याच्या बोटाने गाडी वळवली त्याच्या मनात. खेळाने त्याच्यासाठी स्त्रीपर्व लिहिलेले नाही. न लिहिलेले ते पर्व खेळणाऱ्याने वाचावे की पुढचे मिशन सुरू करावे, ही निवड खेळाच्या यादीत कोठेही दिसत नाही. तरीही त्यातील सर्वांत खरी निवड तीच आहे.